तुरटीच्या खोलीतला साडू

त्याला सगळे तुरट म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर ‘थोरले जावईबापू’, पाठ वळली की तुरट. एक तर त्याचं निम्मं आयुष्य तुरटीच्या पाण्यात हात घालून गेलेलं, आणि दुसरं म्हणजे त्याचा चेहरा. पाणी बरोबर झालं की नाही हे तो बोट बुडवून जिभेला लावून बघे. असं वर्षानुवर्षं करून ओठ कायमचे आत ओढले गेले होते. तो हसला तरी समोरच्याला वाटायचं, याला काहीतरी खुपतंय. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा खुपतच असे.

खुपणारी वस्तू पुढच्या खोलीत बाह्या सरसावून गाणी म्हणत उभी असे. ती वस्तू म्हणजे त्याचा साडू.

रंगाचा कारखाना सासऱ्यांचा. कारखाना म्हणायचं आपलं, दोन खोल्या आणि मागचं अंगण. पुढची खोली रंगाची. तिला रस्त्याकडे मोठी खिडकी, मधोमध विटांचं चुलाण, त्यावर कल्हईचं भलंमोठं पातेलं, आणि वर कापड निथळत ठेवायला आडवे दांडे. मागची खोली तुरटीची. तिला उजेडासाठी छताजवळ एक झरोका, खाली दोन हौद, एक चूल आणि कोपऱ्यात पोत्यांची थप्पी. दोन खोल्यांच्या मध्ये दाराची चौकट होती, दार नव्हतं. मागच्या अंधारात उभं राहिलं की पुढचं सगळं दिसे, सगळं ऐकू येई. पुढून मात्र मागचं काही दिसत नसे. ती चौकट नसती, नुसती भिंत असती, तर तुरटाचे दिवस सुखात गेले असते.

काम असं होतं की लोकरीच्या कापडावर मंजिष्ठेच्या मुळ्यांचा लाल रंग आपणहून टिकत नाही. येतो, पण पाहुण्यासारखा, आणि दोन धुण्यांत निघून जातो. म्हणून रंगाच्या आधी कापड तुरटीच्या पाण्यात घालायचं. आच हळूहळू वाढवायची, उकळी येऊ द्यायची नाही, आणि मग त्याच पाण्यात निवू द्यायचं. तुरटी धाग्याच्या आत जाऊन बसते आणि मागून आलेल्या रंगाचा हात घट्ट धरते. कमी पडली तर रंग सुटतो, जास्त झाली तर लोकर चिकट होते, बोटांना गोंद लागल्यासारखी. हे सगळं जमलं म्हणजे कापड कसं दिसतं? जसं आत गेलं तसंच. पांढरं. दिवसभर राबून संध्याकाळी माणसाने दाखवायचं काय, तर पांढऱ्याचं पांढरं.

मग ते कापड चौकटीतून पुढे जायचं, साडू ते पातेल्यात सोडायचा, लाकडी दांड्याने ढवळायचा, आणि वर काढलं की लालभडक. रस्त्यावरची माणसं खिडकीशी थांबायची. कुणीतरी म्हणायचंच, “काय हात आहे हो तुमचा!”

त्या साडूला सगळे रंगराव म्हणत. हे मात्र तोंडावर.

दोघेही घरजावई. तुरट आधी आला, थोरलीशी लग्न करून. सासऱ्यांना दोघेही मामा म्हणत. मामांनी त्याला पहिल्या दिवशी मागच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, आधी हे शिका, मग रंगाकडे जाऊ. तो शिकला. इतका शिकला की पोतं उघडायच्या आधी नुसत्या वासावरून बोलायला लागला. एकदा व्यापाऱ्याने नवीन माल पाठवला, दिसायला काचेसारखा. तुरटाने बिनदुधाच्या चहात त्याचा चिमूटभर चुरा टाकला आणि चहा शाईसारखा काळा पडला. तुरटीत लोखंड होतं. त्यात कापड घातलं असतं तर लालाचा जांभळट चिखल झाला असता. पोती परत गेली. मामा म्हणाले, “बरं झालं, जावईबापू.” एवढंच.

मग दोन वर्षांनी धाकटीचं लग्न झालं. नवरा मुलगा बसस्थानकावर तिकिटांच्या खिडकीत बसायचा. त्याला मंजिष्ठ म्हणजे मूळ का पान ठाऊक नव्हतं. पण बोलायला असा, की तिकीट काढून माणूस गाडी सोडून त्याच्याशी बोलत उभा राहावा. त्याने नोकरी सोडली, कारखान्यात आला, आणि मामांनी त्याला सरळ पातेल्यापाशी उभा केला. का, तर गिऱ्हाईक पुढच्या खोलीत येतं आणि हा बोलका आहे.

तुरटाने त्या दिवशी दाढी करताना हनुवटी कापून घेतली. तुरटीचा खडा लावला, रक्त थांबलं. झोंबणं मात्र काही थांबलं नाही.

तसं गल्लीत त्याला मान होता. नळाला गढूळ पाणी आलं की शेजारणी त्याच्याकडे यायच्या. तो खडा घेऊन बादलीत चार गिरक्या मारायचा, गाळ तळाशी बसायचा, वर पाणी निवळशंख. कोपऱ्यावरचा न्हावी खास त्याने निवडलेले खडे न्यायचा. कुणाच्या हिरड्या सुजल्या की गुळण्यांना, कुणाच्या पायांना घाम येऊन वास मारायला लागला की पाय बुडवायला. कुणाला लाही करून हवी असली तर तो तव्यावर खडा ठेवायचा. खडा आपल्याच अंगच्या पाण्यात विरघळायचा, बुडबुडे धरायचा आणि फुगून पांढरा हलका फेस होऊन बसायचा. लोक आभार मानायचे आणि जाताना पुढच्या खोलीत रंगराव काय करतोय ते बघत उभे राहायचे.

“तुमच्या माझ्यात एक सवत आहे,” थोरली म्हणायची. “ते पातेलं.” तिला नवऱ्याची चेष्टा करायला आवडे, पण त्याचं दुखतं कुठे हेही तिला कळे. एकदा तिने समजूत घातली, घर बघायला आलेला माणूस पाया उकरून बघतो का? तो म्हणाला, “पायाला निदान लोक पाया तरी म्हणतात.”

साडूच्या ज्या ज्या गोष्टी त्याला खुपायच्या त्या त्याला पाठ होत्या. पहिली म्हणजे मामांची वेताची खुर्ची. मामांच्या डोळ्यांत पडदा आला, हात कापायला लागले, तेव्हापासून ते खुर्चीत बसून असत. आणि ती खुर्ची सकाळपासून संध्याकाळपर्यंत पातेल्याशेजारी, साडूच्या कोपराला लागून. मागच्या खोलीत ती एकदाही आली नाही. दुसरी गोष्ट बोलण्याची. रंगरावाला मामा अरे-तुरे करायचे. “ढवळ रे नीट, झोप आलीय का तुला?” तुरटाला मात्र जावईबापू, अहो, तुम्ही. लोकांना वाटायचं केवढा मान. तुरटाला वाटायचं, दारात आलेल्या पाहुण्याला पाट द्यावा तसा हा मान, आणि मुलगा म्हणून घरात घेतलाय तो दुसऱ्याला.

तिसरी गोष्ट खड्याची. तुरटीचे भाऊबंद बरेच. कातडी कमवणाऱ्याकडे एक जांभळी तुरटी असते, क्रोमची. ती आणि आपली पांढरी, दोघी सारख्याच आकारात बसतात, आठ बाजूंच्या खड्यात, दोन मनोरे बुडाशी चिकटवावेत तशा. इतक्या सारख्या की एकीच्या अंगावर दुसरी वाढते. तुरटाने जांभळा खडा दोऱ्याला टांगून पांढऱ्या तुरटीच्या दाट पाण्यात सोडला. पाणी जसजसं उडालं तसतसा त्यावर काचेचा थर चढत गेला. बऱ्याच महिन्यांनी मुठीएवढा खडा झाला, बाहेरून पाण्यासारखा स्वच्छ आणि आत जांभळं काळीज. तो त्याने मामांच्या हातात दिला. मामांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितला, फिरवून बघितला, छान आहे म्हणाले. आणि रंगरावाची लेक मांडीवर येऊन बसली तेव्हा तिला खेळायला देऊन टाकला. पोरीने तो चाटायचा, तोंड वेडंवाकडं करायचं आणि पुन्हा चाटायचा, असं करत करत सुपारीएवढा केला.

त्या पोरीवरही त्याने काही दिवस मनातल्या मनात दात धरला होता. मग त्याचीच त्याला लाज वाटली. पण दात काही पूर्ण सुटला नाही.

अशात नाटकघराचं काम आलं.

गावातलं जुनं नाटकघर नव्याने सजवत होते, आणि रंगमंचाचा पडदा लाल हवा होता. पडदा मोठा, म्हणून लोकरीचे लांब लांब पट्टे रंगवायचे आणि मग शेजारी शेजारी शिवायचे. सगळ्यांचा रंग एक यायला हवा. काम द्यायला नाटकघराच्या व्यवस्थापक बाई स्वतः आल्या, चष्मा डोक्यावर चढवलेला, बोलणं भरभर. पहिले पट्टे दांड्यावर निथळत होते ते बघून त्या रंगरावाला म्हणाल्या, तुमच्या हातात जादू आहे. पडदा पहिल्यांदा उघडेल त्या दिवशी नाटक सुरू व्हायच्या आधी तुम्हाला रंगमंचावर बोलावणार, लोकांना कळू दे हा लाल कुणी केला. रंगराव लाजला, मान खाली घालून हसला, म्हणजे बाईंना तो अजूनच आवडला.

तुरट चौकटीत उभा होता, ओले हात लांब धरून. बाईंची नजर त्याच्याकडे गेली. क्षणभर त्याला वाटलं, आता विचारतील, आपण कोण.

“अहो, जरा प्यायला पाणी मिळेल का?” बाई म्हणाल्या.

त्याने पाणी आणून दिलं. त्यानेच निवळवलेलं. बाईंनी प्यायलं आणि पेला त्याच्याकडे न बघता परत दिला.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एक विचार घोळायला लागला. शेवटचा पट्टा रंगवायचा त्या दिवशी बाई बघायला येणार होत्या. तो पट्टा तुरटीत घालायचाच नाही. साध्या गरम पाण्यात भिजवून, तसाच पिळून, तसाच घडी घालून पुढे द्यायचा. दिसणार तर पांढराच आहे. मग बघू दे बाईंना, आणि मामांना, आणि खिडकीतल्या लोकांना, की साडूच्या हातात जादू किती आणि ती येते कुठून. नुकसान कुणाचंच नव्हतं. फिकट आलेलं कापड धुऊन, तुरटीत घालून पुन्हा रंगवता येतं. नाचक्की काय ती तासाभराची. इतकी वर्षं त्याने सोसलं, साडूने एक तास सोसावं.

आदल्या दिवशी दुपारी सगळे जेवून लवंडले होते तेव्हा त्याने ते केलं. हौदात नुसतं गरम पाणी. हाताला सवयीने पोत्याकडे जायची ओढ लागली, तो हात त्याने दुसऱ्या हाताने धरला. कापड वर काढून घडी केली आणि चौकटीशी ठेवली. कोरडी बोटं एकमेकांवर घासली. कसली चरचर नाही, कसला खरखरीतपणा नाही. अशा बोटांनी त्याने या खोलीतून कधीच कापड बाहेर दिलं नव्हतं.

सकाळी बाई आल्या. बाकीचे पट्टे दांड्यांवर वाळून लालेलाल झालेले. रंगरावाने पातेल्यातल्या मुळ्यांचा काढा गाळून तयार ठेवलेला, आच बेताची. धाकटी आणि थोरली दोघी दाराशी. मामा खुर्चीत. रंगराव घडी उचलणार तेवढ्यात बाई मामांकडे वळल्या आणि सहज म्हणाल्या, आजोबा, तुम्ही आता नाही का रंगवत?

मामा म्हणाले, हात थरथरतो आणि डोळ्यांपुढे तेल लावलेला कागद धरल्यासारखं दिसतं. आता काय रंगवणार.

“मामा, हा शेवटचा तुम्हीच करा,” रंगराव म्हणाला. “तुमच्या हातचा एक पडद्यात असू दे. मी धरतो दांडा खालून.”

मामा एकदम उठून उभे राहिले. कुणीतरी असं म्हणावं याचीच म्हातारा वाट बघत बसला होता, हे सगळ्यांना दिसलं. धाकटीने त्यांच्या बाह्या वर केल्या.

मागच्या अंधारातून तुरट हे बघत होता. असं काही होईल हे त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं. तो चौकटीत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मामा, आज राहू द्या.”

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. बाईंनीसुद्धा.

“का हो, साडूबुवा?” रंगरावाने विचारलं.

आता सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य सांगायचं म्हणजे बाईंसमोर, साडूसमोर सांगायचं. त्याने नजर पातेल्याकडे वळवली. “काही नाही,” तो म्हणाला. “आच फार वाढवू नका, एवढंच. लालाचा तपकिरी होतो.”

मामा हसले. “जावईबापू, मला शिकवताय?” ते अगदी अदबीने म्हणाले. बाकीचेही हसले.

त्या हसण्यासरशी तुरट मागे फिरला. बुडू दे, त्याच्या मनात आलं. बुडू दे सगळंच.

कापड पातेल्यात गेलं. मंजिष्ठेला घाई चालत नाही. कापड हळूहळू तापत ठेवायचं, सारखं खालीवर करायचं. मामांनी दांडा हातात घेतला आणि त्यांचा हात थरथरायचा थांबला. ते बाईंना सांगायला लागले, आपण लहान असताना कसे पातेल्यात पडता पडता वाचलो, मग दोन दिवस एक हात कोपरापर्यंत लाल घेऊन कसे हिंडलो. ढवळता ढवळता त्यांनी रंगरावाचं गाणं म्हणायला घेतलं, त्याचे शब्द चुकले, रंगरावाने दुरुस्त केले, दोघे मिळून म्हणाले. तुरट पोत्यावर बसून हे सगळं ऐकत होता. अजून सांगता आलं असतं. कापड आत्ता वर काढलं असतं तरी चाललं असतं. थोरलीने त्याच्यासमोर चहाचा कप आणून ठेवला आणि विचारलं, बरं नाही का? तो त्या कपाकडे बघत राहिला. आपल्या मनाचा चिमूटभर चुरा यात पडला तर चहा शाईसारखा होईल, असं त्याला वाटलं. त्याने तो प्यायला नाही.

शेवटी मामा म्हणाले, काढा.

रंगराव आणि धाकटीने कापड उचलून दांड्यावर टाकलं. लाल पट्ट्यांच्या शेजारी ते पडलं आणि खोलीतला आवाज गेला. कापडावर विटकरीची धूळ बसून ती कुणीतरी झटकली असावी तसा रंग होता. आजारी माणसाच्या गालासारखा.

“कसा आलाय?” मामांनी विचारलं.

धाकटीने थोरलीकडे बघितलं.

“बोला की. माझे डोळे गेलेत, तुमची तोंडं नाही ना गेली?”

“बाबा, जरा फिकट आहे,” धाकटी म्हणाली.

मामांनी पुढे होऊन कापडावर तळवा ठेवला, जणू रंग हाताला लागेल. मग तो हात त्यांनी डोळ्यांजवळ नेला. “हात गेला म्हणायचा माझा,” ते म्हणाले आणि खुर्ची शेजारी असून खुर्चीत न बसता चुलाणाच्या कडेवर बसले. त्यांचा हात पुन्हा थरथरायला लागला होता.

रंगराव कापडाकडे बघत होता. इतक्या वर्षांत तो मूर्ख राहिलेला नव्हता. असा रंग कशाने येतो ते त्याला कळलं. त्याने चौकटीकडे बघितलं. अंधारात त्याला काय दिसलं कुणास ठाऊक. मग तो मामांच्या शेजारी जाऊन वाकला.

“मामा, तुमच्या हाताचं काही नाही,” तो म्हणाला. “माझी चूक आहे. मुळ्या नीट भिजवल्याच नाहीत मी. काढाच पाण्यासारखा होता. पातेलं माझं, चूकही माझी.”

“माझ्यासाठी अंगावर घेतोस होय रे?” मामा म्हणाले आणि त्यांनी त्याचा दंड धरला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा डोक्यावरून खाली घेत त्या म्हणाल्या, चूक कबूल करायलाही मोठं मन लागतं.

हे मात्र तुरटाला सोसलं नाही.

पातेलं साडूचं, खुर्ची साडूच्या बाजूला, गाणं, पोर, खडा, रंगमंच, सगळं साडूचं. ते सगळं त्याने गिळलं होतं. पण ही चूक त्याची होती. आख्ख्या कारखान्यात एवढी एक गोष्ट त्याने स्वतःच्या डोक्याने, एकट्याने केली होती, आणि तीही या माणसाने हसत हसत उचलून खिशात घालावी? वर त्याचंच कौतुक व्हावं?

तो उजेडात आला.

“खोटं बोलतोय तो,” तुरट म्हणाला. “त्याला कुठून जमणार अशी चूक? हे कापड तुरटीत गेलंच नाही. मी घातलं नाही.”

“विसरलात?” थोरलीने घाईघाईने विचारलं. तिला त्याला एक वाट काढून द्यायची होती.

“विसरलो नाही. मुद्दाम.”

मामांनी हात पुढे केला. धाकटीने कापडाचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते तोंडात घालून चोखलं, बराच वेळ, आणि थुंकले. आधी गोडसर लागून मग जीभ ओढली जायला हवी, तसं काही झालं नाही.

“कुणासाठी?” त्यांनी विचारलं.

तुरटाने साडूकडे बोट दाखवलं. मामांना ते दिसलं नसणार, पण कळलं.

“आणि मी उठलो तेव्हा?”

“तेव्हा सांगणार होतो.”

“मग?”

“तुम्ही म्हणालात, मला शिकवताय.”

कुणीतरी हसायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही. “म्हणजे हात शाबूत आहे माझा,” मामा आधी स्वतःशीच म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. “गाढवा, तू मला आज फुकट म्हातारा केलास.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुरटाने मान खाली घातली होती, तरी ‘तू’ त्याच्या कानात जाऊन बसलं. शिवी त्यानंतर ऐकू आली.

“हे आता निस्तर,” मामा म्हणाले. “आणि उद्यापासून पातेलं तू धर. बघू दे मला काय येतं तुझ्या हाताला. हा जाईल मागे.”

रंगरावाचं तोंड उतरलं. तुरटाने ते अगदी नीट बघून घेतलं. बाई सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांनी चाचरत विचारलं, मग रंगमंचावर मी नक्की कुणाला बोलावू?

“पडदा असेलच की तिथे,” मामा म्हणाले. “तेवढा पुरे.”

तुरटाने ते कापड धुतलं, तुरटीत घातलं, निवू दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः ते पातेल्यात सोडलं. दांडा त्याच्या अंदाजापेक्षा जड निघाला. पण वर काढलं तेव्हा कापड लाल होतं, शेजारच्या पट्ट्यांसारखंच, तसूभरही वेगळं नाही. खिडकीशी एक बाई थांबली आणि वा म्हणाली. त्याने हसायचा प्रयत्न केला. बाई घाबरून पुढे गेली.

आदल्या रात्रीच थोरली म्हणाली होती, “मिळाली एकदाची सवत. आता नांदा सुखाने.”

तो खरंच सुखात नांदणार होता. सकाळी आल्या आल्या त्याने मामांची खुर्ची ओल्या फडक्याने पुसून, पातेल्याच्या डाव्या बाजूला, धूर येणार नाही अशी मांडून ठेवली होती. धाकटीचा हात धरून मामा आले. त्यांनी चाचपडत खुर्चीची पाठ धरली. धरली आणि उचलली. ठेचकाळत, भिंतीला आपटत, ते ती खुर्ची घेऊन चौकटीकडे निघाले.

“मामा, खुर्ची इथेच ठेवलीय,” तुरट म्हणाला.

“दिसतंय मला.”

“मग मागे कुठे? तिथे अंधार आहे.”

“मला काय अंधार आणि काय उजेड,” मामा म्हणाले. “आता त्याच्यावर लक्ष ठेवायला नको? तुझ्याकडे काय बघायचंय?”

आणि ते तुरटीच्या खोलीत गेले, जिथे खुर्ची इतक्या वर्षांत एकदाही गेली नव्हती.

तुरट ढवळत राहिला. तुझ्याकडे काय बघायचंय. हे वाक्य त्याने एका बाजूने चाखलं, मग दुसऱ्या बाजूने. आधी झोंबलं. म्हणजे आपण बघण्याच्याही लायकीचे नाही. मग त्याला आठवलं की खुर्ची साडूच्या कोपराला लागून असायची तेव्हा मामा सारखे काय म्हणत असत. ढवळ नीट. आच बघ. झोप आलीय का तुला. आणि मागच्या खोलीत मात्र कधी कुणी डोकावलं नाही, कधी कुणी विचारलं नाही, पोतं उघडलं का, पाणी चाखलं का. खुर्ची जिथे काळजी तिथे होती, आणि तो इतकी वर्षं तिला माया समजून जळत बसला होता.

हे कळून त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, जरासं. पण तेवढ्यात मागच्या अंधारातून दोघांच्या हसण्याचा आवाज आला, आणि दांडा हातात तसाच धरून तो कान देऊन ऐकायला लागला. पुढून मागचं काहीच दिसत नव्हतं. साडूने इतकी वर्षं इथे उभं राहून मागचं काही बघितलंच नसेल, हेही त्याच्या आत्ता लक्षात आलं.

दुपारी रंगरावाने तुरटीतून काढलेलं पहिलं कापड चौकटीतून पुढे दिलं. गाणं म्हणत नव्हता. हात पांढरे पडून सुरकुतले होते. “बघा साडूबुवा, जमलंय का,” तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

तुरटाने टोक बोटांत धरलं, जिभेला लावलं. ओठ आत गेले. आणि त्या सबंध दिवसात पहिल्यांदा त्याचं तोंड मनापासून हसलं, म्हणजे बघणाऱ्याला कळलं असतं तर.

“जास्त झालीय,” तो मागच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “चिकट लागतंय. निम्मीच घालायला हवी होती.”

 अंधारातून मामांचा आवाज आला, साडूला उद्देशून, जरा वैतागलेला. “ऐकलंस? हे त्यालाच कळतं. मलासुद्धा कळत नव्हतं कधी.”

तुरटाचा दांडा पातेल्यात थांबला. त्याने शब्द न शब्द ऐकला होता.

“काय म्हणालात, मामा?” त्याने विचारलं.

“काही नाही,” मामा म्हणाले. “ढवळ तू.”